सगळ्यात जाड जोडी

दुकानात कुणी शिरलं की टोरगुन त्याच्या तोंडाकडे बघत नसे, गळ्याकडे बघे. कॉलरीतून आतलं काय डोकावतंय ते तिला दारातच दिसायचं. सुती बनियनची पांढरी कड दिसली की तिचा चेहरा असा व्हायचा, जणू समोरचा माणूस खिशात विंचू घेऊन हिंडतोय आणि त्याला पत्ता नाही. मग ती हातातलं काम टाकून यायची आणि विचारायची, "घाम येतो का तुम्हाला?"

ओस्लोहून सुट्टीला आलेल्या बाया लाल व्हायच्या. "म्हणजे?"

"म्हंजे घाम. चढावर. पाठीवर, छातीखाली. किती येतो? नुसता ओलसर, का धार लागती?"

आमचं हेगलिद गाव दरीच्या तळाशी आहे आणि डोक्यावर पठार. पठारावर झाड नाही, घर नाही, वाऱ्याला अडवील असं काही नाही. ईस्टर आला की शहरातलं निम्मं माणूस स्की घेऊन आमच्या दुकानावरून वर जातं. मी स्कीच्या मेणाच्या आणि काठ्यांच्या बाजूला असे. मागची अख्खी भिंत टोरगुनची, आतून घालायच्या लोकरी सदरा-पायजम्यांच्या जोड्यांची. एकतीस वर्षं तिनं त्या भिंतीपाशी उभं राहून माणसांच्या अंगाला लागून काय असावं ते ठरवलं.

घामाच्या प्रश्नानंतर तिचे आणखी दोन असत. चालणार किती आणि बसणार किती? चालताना धापा टाकत जाता का रमतगमत? एवढं कळलं की ती टेप न लावता भिंतीवरून जोडी काढून हातात द्यायची. घालून दाखवा म्हणायची. पडद्याबाहेर आलेल्या माणसाला गोल फिरवायची, वाकायला लावायची आणि पाठ उघडी पडली तर सदरा परत घ्यायची.

"कातडीवानी बसाया पायजे. सैल ऱ्हायलं की आत वारा बिऱ्हाड करतो. गळ्याला चेन असलेला घ्या. चढावर उघडायची, माथ्यावर लावायची. आन् निघताना थोडी हुडहुडी भरली पायजे. अंगणातच ऊब वाटली तर समजायचं, जादा घातलंय."

"पण लोकर टोचते हो," एक पोरगा म्हणाला होता.

"टोचू दे. टोचतंय म्हंजे जिवंत हायस."

आणि गिऱ्हाईक दाराशी पोचलं की मागून हाक. "एक कोरडा सदरा पिशवीत, प्लास्टिकात गुंडाळून! वर थांबलात की आधी तो, मग कॉफी!"

लोक हसायचे. गावात तिची नक्कल करायचे. चर्चमधल्या कॉफीला कुणी घाम पुसला की दुसरा हमखास विचारायचा, "धार लागती का नुसता ओलसर?" टोरगुनही हसायची. पण एकदा, लोकरी पायजम्यांच्या घड्या घालता घालता, तिनं मला सांगितलं होतं. वीस वर्षांची असताना ती रेडक्रॉसच्या शोधपथकात होती. एक शाळामास्तर सापडला, खडकाला टेकून बसलेला, थर्मास अर्धा भरलेला, डोळे उघडे. अंगात चांगलं जाकीट होतं, वरून काहीच कमी नव्हतं. आत सुती सदरा, घामानं भिजून गोठलेला. तो कापायला हिच्या हातात कात्री दिली.

"पत्र्यावानी वाजला गं," ती म्हणाली. "कापताना. कापड न्हवं, पत्रा."

आणि पुढचा पायजमा घेतला.

तिचा नवरा आसब्योर्न सुतार. उंच, आडदांड, सावकाश बोलणारा. ईस्टरच्या आधी पठारावरच्या वाटांवर दर दहा-बारा पावलांवर बर्च झाडाच्या फांद्या रोवाव्या लागतात, म्हणजे धुक्यात किंवा वादळात माणूस एका फांदीवरून दुसरीवर नजर टाकत खाली येऊ शकतो. हे काम आसब्योर्न आणि त्याचा दोस्त हालग्रिम सत्तावीस वर्षं करत होते. त्या शरद ऋतूत आसब्योर्नच्या फुफ्फुसाचा एक तुकडा काढला. इस्पितळातून परत आला तो पंधरा किलोंनी कमी. कपडे खुंटीला लावल्यासारखे अंगावर लोंबत होते. चुलीजवळ खुर्ची घेऊन बसायचा तरी नखं निळी.

तेव्हापासून टोरगुनला भीतीनं धरलं. तिचं बोलणं कमी झालं. जेवताना ती स्वतःचं चावणं थांबवून त्याचा श्वास ऐकायची. तो कॉफी पीत असला की मागून येऊन कॉलरीत हात घालायची, पाठ गार आहे का बघायला.

"हात काढ की," तो म्हणायचा. "मासा हाय का मी, ताजा हाय का बघाया?"

ती हात काढायची, आणि दहा मिनिटांनी परत घालायची. दुकानातही मध्येच थांबून घरी फोन. "चूल पेटलीय न्हवं? मोजे दोन घातलेस?" एवढंच, आणि फोन ठेवायची.

मार्च संपताना आसब्योर्न म्हणाला, "उद्या वर जातो."

उत्तरेकडच्या वाटेवर, हिवाळ्यात रस्ता बंद करणाऱ्या अडसरापासून दगडी खोपटापर्यंत, वाऱ्यानं फांद्या लोळवल्या होत्या. बाकीची वाट तरण्या पोरांनी स्नो-स्कूटरवरून केली होती, पण ह्या टप्प्याला चढ असा की तिथं स्कूटर जात नाही. हालग्रिमचा गुडघा सुजला होता, तो रविवारी येतो म्हणत होता. पण शनिवारी शहरातली माणसं यायची होती, आणि रेडिओनं संध्याकाळपर्यंत निवळ सांगितलं होतं.

"पडलेल्या उभ्या करायच्या, बस्स," आसब्योर्न म्हणाला. "दोन-अडीच तासांचं काम. डाक्टरनं स्की करू नको म्हटलं न्हाई. पाच किलोच्या वर उचलू नको, एवढंच."

टोरगुन नको म्हणू शकली नाही. सगळा हिवाळा चुलीपाशी बसलेला माणूस पहिल्यांदा काहीतरी मागत होता.

सकाळी त्यानं नेहमीची जोडी काढली. अंगालगत घाम बाहेर जाऊ देणारी जाळीची बंडी, वर पातळ लोकरीचा सदरा. टोरगुननं ती त्याच्या हातातून घेतली आणि खुर्चीवर दुसरी ठेवली. दुकानातून आणलेली, सगळ्यात जाड, आतून टॉवेलसारखी गाठीगाठींची. ही आम्ही बर्फाला भोक पाडून मासे धरत तासन्‌तास बसणाऱ्यांना विकतो.

आसब्योर्ननं सदरा हातात तोलला. "ही बसणाऱ्याची जोडी हाय, टोरगुन."

"तू आजारी माणूस हायस."

"शिजंल की मी ह्यात."

"शीज. पण काढायचा न्हाई. चेन बी उघडायची न्हाई. शब्द दे."

"अगं…"

"शब्द दे, न्हाई तर बस हितंच."

त्यानं शब्द दिला. आजारपणात त्यानं तिच्याशी वाद घालणं सोडलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं की त्याला धाप लागायची, म्हणून सोडलं होतं.

मग तिनं त्याची पाठपिशवी तराजूवर ठेवली. पाच किलो सहाशे ग्रॅम. थर्मास काढवेना, फावडं काढता येत नाही, वाऱ्यापासून आडोशाला आत शिरून बसायची मोठी पिशवी काढता येत नाही. प्लास्टिकात गुंडाळलेला कोरडा सदरा-पायजमा तिनं बाहेर काढला. काटा पाचावर आला.

"एवढं जाड घातलंय," ती म्हणाली. "आता ह्याची काय गरज."

आसब्योर्ननं टेबलावरच्या त्या गाठोड्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. काही बोलला नाही. नऊला निघाला.

हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी मला दिसलं ते दुकानातलं. अकरा वाजून गेले होते. बर्गेनचा एक शिडशिडीत गृहस्थ टोरगुनच्या भिंतीपाशी उभा होता.

"सगळ्यात जाड द्या," तो म्हणाला. "बायकोला. तिला थंडी अजिबात सोसत नाही, आणि मला तिची काळजी वाटते."

"चालणार हायत का बसणार?" टोरगुन नेहमीच्या सुरात.

"चालणार. खोपटापर्यंत चढायचंय."

"मग न्हाई मिळायची." तिनं त्याच्या हातातली जोडी ओढून घेतली. "काळजी वाटती म्हणून जाड घालाय लागलं तर माणूस मारून टाकाल. चढावर अर्ध्या तासात आतून भिजतील. लोकर झाली तरी किती पिईल? वर गेलं की वारा, आन् मग तो घाम त्यास्नी…"

तिथं ती थांबली.

"घाम काय?" गृहस्थानं विचारलं.

टोरगुन जोडी हातात धरून उभी होती.  मग तिनं खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या पेट्रोलपंपावरचा झेंडा उत्तरेच्या वाऱ्यानं फळीसारखा ताठ झाला होता. पठाराची कड सकाळपासून निळ्या आभाळावर रेघेसारखी दिसत होती, ती तिथं नव्हती. रेडिओनं संध्याकाळचं सांगितलेलं वादळ दुपारच्या आधीच आलं होतं.

तिनं जोडी खाली टाकली. ठेवली नाही, टाकली. एकतीस वर्षांत मी तिच्या हातून लोकर जमिनीवर पडलेली पाहिली नव्हती.

आसब्योर्नचा फोन लागत नव्हता. तिकडे कुणाचाच लागत नाही. तिनं रेडक्रॉसच्या इंगविल्डला लावला. मी शेजारी उभी होते, पलीकडचं सगळं ऐकू येत होतं.

"कवा निघाला?" इंगविल्डनं विचारलं.

"नवाला. बाराच्या आत येणार म्हणाला."

"बारा वाजायचेत अजून, टोरगुन. आसब्योर्नला पठार माझ्यापेक्षा ठाऊक हाय. खोपटात बसला असंल शिट्टी वाजवत."

"इंगविल्ड, त्याच्या अंगात मासे धरत बसणाऱ्याचा जाड सदरा हाय. चढावर. चेन लावून."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"आन् पिशवीत कोरडं?"

"मी काढून ठेवलं."

"निघालो आम्ही," इंगविल्ड म्हणाली. "तू अडसरापाशी ये. पुढं पाऊल टाकायचं न्हाई."

मी गाडी काढली. टोरगुननं वाटेत घराशी थांबायला लावलं, धावत आत गेली आणि टेबलावरचं गाठोडं घेऊन आली. प्लास्टिक फाडून तिनं तो सदरा आपल्या जाकिटाच्या आत, पोटाशी घातला आणि वरून दोन्ही हात दाबून बसली. वळणावळणाला बर्फ आडवं येत होतं. काचेवरचे वायपर कण्हत होते.

"आता चढ संपला असंल," ती म्हणाली. माझ्याशी बोलत नव्हती. "पाठ भिजली. आता वाकून फांद्या उभ्या करतोय. थांबतोय, वाकतोय, थांबतोय. गार व्हाया लागला."

"टोरगुन, गप की."

"बोटं ऐकत न्हाईत आता. चेन उघडाय गेला तरी उघडायची न्हाई. पर तो उघडणारच न्हाई, शब्द दिलाय त्यानं."

मला ती गप्प हवी होती. पठारावर काय होईल ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून माझी भीती धुकट होती. तिची भीती पायरी पायरीची होती. एकेक पायरी तिनं दुसऱ्यांच्या अंगावर हातानं तपासली होती.

अडसरापाशी रस्ता संपतो. पुढं पांढरं. आभाळ आणि जमीन यांत फरक नव्हता. शोधपथकाच्या स्कूटर वर गेल्या होत्या, त्यांचे पट्टेही बुजले होते. इंगविल्ड गाडीच्या आडोशाला रेडिओ कानाशी धरून उभी होती. हालग्रिम सुजलेला गुडघा ओढत आला होता, त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

"मरायचा न्हाई तो," हालग्रिम म्हणाला. "मेला तर सगळ्या फांद्या मला एकट्याला रोवाव्या लागतील. एवढा हलकट न्हाई आसब्योर्न."

कुणी हसलं नाही. तो नुसता बर्फात काठी खुपसत राहिला.

रेडिओ खरखरला. पथकातला तारयेई बोलत होता. चढाच्या पायथ्याशी स्कूटर सोडल्या, आता स्कीवर. फांद्या उभ्या दिसताहेत, ताज्या रोवलेल्या, त्यांच्याच मागं चाललोय. मग पंधरा मिनिटं काही नाही. मग, "फांद्या संपल्या. इथून पुढं उभी एकही न्हाई."

टोरगुननं पोटावरचे हात आणखी दाबले. "तिथं थांबला तो," ती म्हणाली. "थरथर सुरू झाली म्हणून थांबला. इंगविल्ड, त्याला ईच्यार, खोपटाचं दार उघडलंय का."

बऱ्याच वेळानं तारयेईनं खोपटापासून कळवलं, दार वाऱ्यानं आलेल्या बर्फात निम्मं गाडलं होतं. कुणी उघडलेलं नव्हतं.

ते ऐकून टोरगुनच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी आधी कधी ऐकला नव्हता आणि नंतर ऐकला नाही. रडणं नव्हतं ते. कुणीतरी आतून काहीतरी ओढून काढावं तसा तो होता. इंगविल्डनं तिचा दंड धरला. हालग्रिमनं टोपी काढली, मग काय करतोय ते लक्षात येऊन घाईनं परत घातली.

एक वाजून वीस मिनिटांनी रेडिओ बोलला. "सापडला. खोपटाच्या अलीकडं, खडकाच्या आडोशाला. बसलाय. जिवंत हाय."

हालग्रिमनं काठी हवेत उगारली. टोरगुन हलली नाही. "थरथरतोय का?" तिनं विचारलं. "इंगविल्ड, ईच्यार त्यास्नी, थरथरतोय का?"

इंगविल्डनं विचारलं. थरथर थांबली की अंगानं हार मानलेली असते, हे दोघींना ठाऊक होतं. पलीकडून वारा, मग तारयेई. "न्हाई. थरथर न्हाई. बोलतोय, पण जीभ जड. आम्ही आडोशाची पिशवी उघडलीय, ओला सदरा काढतोय. तो काढू देईना, इंगविल्ड! हाताला चावला माझ्या. चेन धरून बसलाय दोन्ही हातांनी. म्हणतोय, शब्द दिलाय."



"कापा," इंगविल्ड म्हणाली.

"हात मधी घालतोय! कात्री कुठं चालवू?"

टोरगुननं इंगविल्डच्या हातातून रेडिओ घेतला. तो कसा धरायचा ते तिला तीस वर्षांपूर्वीचं आठवत असावं, अंगठा बरोबर बटणावर गेला.  एकदा दाबलं, नुसता वारा गेला. दुसऱ्यांदा दाबलं.

"आसब्योर्न. मी हाय. काढ तो."

खरखर.

"ऐकतोस न्हवं? मी चुकले. त्या जोडीत मी चुकले, गाठोडं काढलं तिथं चुकले. तुला ठाऊक व्हतं, तरी तू बोलला न्हाईस. तुझा शब्द मी परत घेतला बघ. सोड चेन. त्या पोराला काढू दे. काढ रे माझ्या राजा, काढ."

बटणावरचा अंगठा सोडला. आम्ही चौघं त्या काळ्या डबीकडे बघत राहिलो. तिच्यात वारा होता, कुणाचा तरी श्वास होता, कापडाचा आवाज होता. किती वेळ गेला सांगता येत नाही.

"सोडला," तारयेई म्हणाला. "निघाला सदरा. पिळला तर पाणी निघंल असा हाय. माझा कोरडा घातलाय त्याला. मी शेजारी शिरतोय पिशवीत."

टोरगुननं आपल्या पोटाशी ऊब दिलेला सदरा तासाभरानं, बर्फगाडीवरून त्याला आणलं तेव्हा, त्याच्या छातीवर पसरला. तारयेईच्या सदऱ्यावरून. आसब्योर्नचे ओठ राखेच्या रंगाचे होते. तो तिच्याकडे बघत होता, पण ओळखत होता की नाही ते कळत नव्हतं. मग, गाडीत घालता घालता, एकदा त्याचं अंग गदागदा हललं, दातांवर दात आपटले.

"थरथरला," टोरगुन म्हणाली. "बघा, थरथरला!" आणि तिथं पहिल्यांदा ती रडली.

तो जगला. डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली, दोन महिने छातीत पाणी होतं. सुतारकाम सुटलं. त्यानं तिला बोल लावला नाही. त्यानं लावला असता तर बरं झालं असतं, असं ती एकदा म्हणाली.

टोरगुन भिंतीपाशी परत आली, पण तिचे प्रश्न बदलले. ती आता तीनच विचारून थांबायची नाही. दहा विचारायची, पंधरा विचारायची, जोडी हातात द्यायची आणि परत घ्यायची. एका बाईला तिनं दोनदा पार्किंगपर्यंत धावत जाऊन गाठलं. मालकानं तिला समजावलं. गावातल्यांनी नक्कल करायची सोडली.

पुढच्या मार्चमध्ये हालग्रिमचा गुडघा बरा होता. आसब्योर्न म्हणाला, आम्ही दोघं जातो, दोघंच फांद्या लावू. सकाळी तो कपाटापाशी गेला. टोरगुन उठली, फावडं घेतलं आणि अंगणात जाऊन बर्फ काढायला लागली, घराकडे पाठ करून. तो निघाला तेव्हा तिनं वर पाहिलं नाही. जाकिटाची चेन गळ्यापर्यंत लावलेली होती, आत काय होतं ते दिसलं नसतंच.

त्या दिवशी दुकानात ती वारंवार खिडकीशी जात होती. आभाळ स्वच्छ होतं, झेंडा गळून लोंबत होता. तरीही.

"काय घालून गेलाय?" मी विचारलं.

"ठाऊक न्हाई," ती म्हणाली. "मी बघितलं न्हाई. बघितलं असतं तर सांगितलं असतं काहीतरी."

एक गिऱ्हाईक तिची वाट बघत उभं होतं. ती त्याच्याकडे वळली, भिंतीवरून एक सदरा काढला आणि दोन्ही हातांनी धरून ठेवला. त्यानं घ्यायला हात पुढे केला तरी सोडला नाही.